काळ्या खिडकीतली ओवी

जगातली कुठलीही जुनी वस्तू नाहीशी होण्याआधी निरगुडसरला जाऊन माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांची परवानगी घेत असावी, आणि ते ती देत नसावेत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. नव्याला त्यांचा विरोध नव्हता, उलट हौसच फार. पण नवं आलं म्हणून जुन्यानं उठून जायचं, हे त्यांना पटत नसे. घराला रंग द्यायचा झाला की प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा जुना रंग तसाच ठेवायचा, असा त्यांचा दंडक. एकदा मंचरहून आलेल्या उत्साही रंगाऱ्यानं 'राहिलं वाटतं' म्हणून ते कोपरेही भरून टाकले, तर मामांनी, म्हणजे या सासऱ्यांनी, त्याला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग पत्र्याचा तुकडा देऊन खरवडायला बसवलं. "मागं काय व्हतं ते कळाय पायजे का न्हाई?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या घरात कुठल्याही कोपऱ्यात पाहा, पोपटी, गुलाबी, निळा आणि पार तळाशी शेणमातीचा सारवलेला, असे चौकोन शेजारीशेजारी नांदत असत. बहिणीचं स्थळ पाहायला गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. 'माणसं चांगली आहेत, पण रंगकाम अर्धवट सोडतात,' असा अहवाल मी घरी येऊन दिला होता.

दारांचंही तेच. नवं लोखंडी दार बसवलं तेव्हा जुनं लाकडी दार त्यांनी आतल्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं, आणि घरात शिरणारा प्रत्येक जण एक दार उघडून दुसऱ्याला वळसा घालत असे. गावच्या रस्त्याचं वळण काढून रस्ता सरळ झाला, तरी मामा अधूनमधून जुन्या वळणानंच जात. तिथं आता कुणाचा तरी ऊस उभा होता आणि उसात बिबट्या होता. "बिबट्याबी जुन्याच रस्त्यानं येतो," असं वर समजावत. मिशी काढली त्या दिवशी आधी फोटो काढून तो आरशाशेजारी लावला. पुढं मिशी परत ठेवावीशी वाटली, तेव्हा बिनमिशीचाही काढून त्याच्या खाली लावला. दाढी करताना दोन्ही मामा तिसऱ्या मामांकडे बघत असत. माझी बहीण हे सगळं माहेरी येऊन नकला करून सांगायची. पण तिचं लग्नानंतर आडनाव बदललं तेव्हा दारावरच्या पाटीवर तिच्या नव्या आडनावाखाली बारीक अक्षरात माहेरचं आडनावही मामांनीच घालायला लावलं होतं. त्याची नक्कल तिनं कधी केली नाही.

मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला पावणं. त्यांची सारी नोकरी तालुक्याच्या कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून गेली. साहेबांनी खोडलेला मसुदासुद्धा ते टाकत नसत, पक्क्या प्रतीच्या मागं टाचून ठेवत. "सायेब उद्या पलटला तर?" निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि टाइपरायटर त्याच्या डोक्यावर ठेवला. मराठी टायपिंग असं करायचे की बघत राहावं. दहाही बोटं चालत, नजर खिडकीबाहेर. माऊसशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. उजव्या हाताच्या बोटाला कंप सुटलेला, डबल क्लिक काही होत नसे. "दोन टिचक्यांच्या मधी माझं बोट इच्यार करीत बसतंय, पावणं," असं म्हणायचे. मग माऊसचं काम निघालं की बहिणीला हाक जायची, आणि ती पिठाच्या हातानं येऊन टिचकी मारून जायची.

हा सगळा खटाटोप होता थोरल्यांसाठी. थोरले म्हणजे मामांचे मोठे बंधू. घराणं मूळचं मेंढरामागचं. मामा शिकून कचेरीत बसले, पण थोरल्यांनी काठी खाली ठेवली नाही. दिवाळी झाली की कळप घेऊन डिंगोऱ्यावरून माळशेज उतरायचं, कोकणात चाऱ्यावर राहायचं, आणि वैशाखात परत वर यायचं. वर आले की मामांच्या अंगणात घोंगडी टाकून बसायचे आणि ओवी म्हणायचे. देवाची आणि त्याच्या मेंढक्याची लांबलचक कथा, थोडी गायची, थोडी सांगायची. कथा तीच, पण दर सालची ओवी वेगळी, कारण त्या साली वाटेत जे झालं ते थोरले देवाच्या गोष्टीत घालून मोकळे व्हायचे. एखाद्या साली देवाचं कोकरू बिबट्यानं नेलं, एखाद्या साली देवाला पिंपळवंडीला ताप आला आणि कुणीतरी ओसरीवर झोपू दिलं. मामा समोर बसून हे सारं टाइप करायचे. पुढल्या साली पुन्हा, पहिल्यापासून. दोघा भावांत जमीनअस्मानाचा फरक. एक काही म्हणून सोडायचा नाही, आणि दुसऱ्याकडे काठी, घोंगडी आणि तंबाखूची पिशवी सोडून ठेवण्यासारखं काही नसायचं.

तर या ओव्यांच्या फायली. पहिलीचं नाव 'ओवी'. मग 'ओवी नवी'. मग 'ओवी नवी खरी', 'ओवी नवी खरी शेवटची', 'ओवी शेवटची नंतरची', 'ओवी थोरल्यांच्या तोंडी सूचनेनुसार दुरुस्त', 'ओवी दुरुस्त पुन्हा'. कॉम्प्युटरच्या पडद्यावर भिंतीच्या कोपऱ्यासारखेच चौकोन दाटीवाटीनं बसलेले. आणि मग एका दिवाळीला, वसुबारसेच्या आधी, माझ्या बहिणीनं घर झाडायला काढलं. माळा झाडला, डबे घासले, बराखीतला, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीतला, सडका कांदा निवडून बाहेर काढला. तिच्या हाताला सफाईची लय लागली की ती थांबत नाही. शेवटी कॉम्प्युटरवरची धूळ पुसली आणि पडदा उजळला तसा तोही झाडला. एकच गोष्ट इतक्यांदा कशाला, सर्वांत शेवटची पूर्ण असणार, असं म्हणून 'ओवी दुरुस्त पुन्हा' तेवढी ठेवली, बाकी सगळ्या पुसल्या. कचराही नीट रिकामा केला. अर्धवट काम तिला आवडत नाही.

मी भाऊबीजेला पोचलो तर दारात रांगोळी होती आणि घरात सगळ्यांचे चेहरे सुतकी. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते मात्र "जाऊ द्या, सूनबाईनं चांगल्या मनानं केलं," असं सगळ्यांना सांगत फिरत होते आणि दर थोड्या वेळानं जाऊन रिकाम्या पडद्यासमोर बसत होते. ओवाळताना बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. मला म्हणाली, "दादा, मी यांच्या घरातलं काहीच आजवर मोडलं नव्हतं रे." थोरले तेव्हा मामांच्या रानातच होते. बाजरी निघालेल्या वावरात त्यांची मेंढरं खतासाठी बसवलेली, आणि एकदोन दिवसांत कळप डिंगोऱ्याकडे निघणार होता. मी त्यांच्याकडे जाऊन हात जोडले, म्हटलं, मागच्या सालांच्या ओव्या परत एकदा सांगा. थोरल्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "त्या सालचं त्या साली गायलो. आता ते कुठनं आनू?" आणि खरंच त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

मी नोकरी करतो पुण्यात, कॉम्प्युटरवरच. आमच्या ऑफिसात एक सोय असते: फाईल एकच ठेवायची, पण तिच्यात केलेला प्रत्येक बदल, कुणी केला, केव्हा केला, का केला या नोंदीसकट मागं राहतो. हवं तेव्हा जुन्या रूपावर जाता येतं, आणि सहजासहजी कुणाला पुसता येत नाही. मी मामांना हे समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हंजी भिंतीचा कोपरा," ते म्हणाले. "आसं कुनी बनवलंय आन तुमी मला आज सांगताय व्हय?" मी म्हटलं, बटणं दाबायचा सोपा प्रकार पैसे घेऊन मिळतो. ते म्हणाले, "बटनं नगंत. माझ्या बोटाचं ठाव हाय ना. नुसतं टाइप करून चालतंय का?" चालतं की, म्हटलं, नुसती काळी खिडकी असते, तिच्यात हुकूम टाइप करायचा. आणि तो प्रकार फुकट असतो. हे मी बोललो खरं, पण आमच्या ऑफिसात ते सगळं आधीच बसवून मिळतं. मी जन्मात कधी ते शोधलेलं नव्हतं आणि बसवलेलंही नव्हतं.

मोबाईलला रेंज फक्त बराखीच्या पत्र्यावर. तिथं माझा फोन दगडाखाली ठेवला आणि त्याचं इंटरनेट घेऊन खाली कॉम्प्युटरवर आम्ही शोधायला बसलो. फुकट शब्द टाकल्याबरोबर सारं जग फुकट द्यायला धावून आलं. पहिल्यानं महिनाभर फुकट दिलं, पुढं कार्डाचा नंबर मागितला. "ह्ये फुकट न्हाई, ह्ये उधार हाय," मामांनी निकाल दिला. दुसऱ्यानं त्याच्यासोबत हवामान, पत्रिका आणि आणखी काय काय बसवून द्यायची तयारी दाखवली. तिसरा नुसताच पडदाभर हिरवी बटणं दाखवत होता आणि त्यातलं खरं कुठलं ते कळेना. शेवटी एकदाची मूळ जागा सापडली, साधं पान, कुणी काही मागत नव्हतं. मामांना तेही संशयास्पद वाटलं. "कुनी केलंय ह्ये?" जगभरच्या लोकांनी मिळून, म्हटलं. "आन देत्यात तसंच?" तसंच. मामा म्हणाले, "मंग तेंचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं?"

आता हे आलं का! शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटी रिकामी जात नाही, चिमूटभर साखर तरी घालून जाते, हा त्या घरचा नेम. इथं तर अख्खा प्रोग्राम यायचा होता. मामांना पत्ता हवा होता. निदान दोन पिशव्या कांदा पाठवू म्हणाले, लई दिस टिकणारा आहे. मी परोपरीनं सांगितलं की त्या लोकांना एक असा पत्ताच नाही. तेव्हा त्यांनी तोड काढली. बहिणीला सांगून फराळाची ताटं भरवली आणि त्या अनोळखी लोकांच्या नावानं वावरातल्या सगळ्या मेंढक्यांना वाढली. ते मेंढके मला पुढं कित्येक वर्षं 'कॉम्प्युटरच्या चकल्या लई खुसखुशीत व्हत्या' असं सांगत असत.

फाईल उतरत असताना लाईट गेली. परत आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. मग बसवायला घेतलं, तर पहिल्याच पानावर इंग्रजीत बारीक अक्षरांत करारनामा. मी सवयीनं पुढचं बटण दाबायला गेलो, तर मामांनी माझं मनगट धरलं. कचेरीत उभं आयुष्य गेलेला माणूस न वाचता संमती देईल का? मी एकेक वाक्य मराठीत सांगायचं आणि त्यांनी मान डोलवायची. 'यातून काही नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य आलं तेव्हा प्रसन्न झाले, ओळखीचं माणूस भेटल्यासारखे. मग प्रश्न सुरू झाले. मजकूर कशात लिहिणार, ओळीचा शेवट कसा ठेवणार, हे अमक्या ठिकाणी दिसू द्यायचं की तमक्या. दर प्रश्नाला मी 'आहे तेच राहू द्या' म्हणत पुढं जात होतो. "पावणं, तुमाला तरी कळतंय का काय इचारतंय ते?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं. मला वाटलं मलाच कळंना." बहीण दाराशी उभी होती, आणि दिवाळी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

बसवून झालं, आणि कुठं काही दिसेना. ना चित्र, ना घंटी. काळी खिडकी उघडली तेव्हा तिच्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती. मामांनी खुर्ची पुढं ओढली आणि दहाही बोटं ठेवली. मी हुकूम सांगत होतो, ते टाइप करत होते, एक अक्षर चुकत नव्हतं. त्या प्रोग्रामचं इंग्रजी नाव त्यांना फार आखूड वाटलं; ते त्याला दफ्तर म्हणू लागले. खिडकीत मराठी अक्षरांच्या मात्रा-वेलांट्या विस्कटत होत्या, म्हणून नोंदी इंग्रजी अक्षरांत पण मराठीतून लिहायचं ठरलं. उरलेली एकुलती एक ओवी आत ठेवायचा हुकूम दिला, तर दफ्तर अडलं. तुम्ही कोण ते आधी सांगा, म्हणत होतं. इतक्यात थोरले तंबाखूला चुना मागायला आत आले. "काय म्हनतंय रं बारक्या?" मामा म्हणाले, "नाव इचारतंय, दादा." थोरले घोंगडी सावरत म्हणाले, "नाव घेतल्याबिगर ठिवून घेत न्हाई व्हय? चमत्कारिकच हाय." मामांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचं न घालता थोरल्यांचं नाव टाइप केलं. मी म्हटलं, मामा, तिथं बदल करणाऱ्याचं नाव द्यायचं असतं. "मंग? मी काय बदल केलाय? मी टंकलेखक," ते म्हणाले. ओवी आत गेली. पहिला शेरा त्यांनी लिहिला: 'वडील बंधू यांची ओवी सोबत जोडली आहे. मागील कागदपत्रे उपलब्ध नाहीत.' बहिणीनं तो वाचला आणि आत निघून गेली.

त्यानंतरची काही वर्षं फार सुखाची गेली. वैशाखात थोरले वर आले की मला फोन यायचा, आणि मी सुट्टी टाकून निरगुडसरला जायचो. अंगणात थोरले गायचे, खिडकीपाशी मामा टाइप करायचे. मग काळी खिडकी उघडून काय काय बदललं ते विचारायचे, आणि ती नवी ओळ हिरवी आणि गेलेली तांबडी अशी दाखवायची. तांबडी दिसली की मामांना केवढा आनंद. "गेली पन गेली न्हाई," असं दर वेळी म्हणायचे. शेरे तर एकेक पाहण्यासारखे: 'देवाने यंदा ओतूरचा बाजार केला, सबब दुरुस्ती.' 'कोकरू मेले होते ते वडील बंधू यांच्या इच्छेवरून जिवंत करण्यात येत आहे.' थोरले कधीकधी मागं येऊन उभे राहायचे, हिरव्या-तांबड्या ओळींकडे बघायचे आणि 'दिवाळीच लावलीय बारक्यानं' म्हणून निघून जायचे. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार. अजूनही वैशाखाचं ऊन पडलं की माझे कान फोनकडे लागतात, इतकी ती सवय मुरली आहे.

मग एका साली मेंढरं घाट चढून वर आली आणि थोरले आले नाहीत. कोकणातच ताप आला, अंगावर काढला, आणि तिथंच गेले. काठी आणि घोंगडी तेवढी आली. मामांनी ती खिडकीपाशी ठेवली. फोन आला नाही तरी मी गेलो. दुपारी मामा कॉम्प्युटरपुढं बसले, काळी खिडकी उघडली आणि काय बदललं ते विचारलं. दफ्तरानं उत्तर दिलं. मामांनी मला ते वाचायला लावलं, जसं काही त्यांना येत नव्हतं. मी म्हटलं, काहीच बदल नाही म्हणतंय, मामा. नोंदवण्यासारखं काही नाही. "न्हाई ना?" ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं." त्यांनी परत तोच हुकूम टाइप केला. उत्तर तेच आलं. ते तसेच बसून राहिले, बोटं कीबोर्डवर ठेवून.

बहीण चहा घेऊन आली होती. कप तिच्या हातातच राहिला. ती म्हणाली, "मामा, मी पुसल्या त्यातल्या एका सालचं मला थोडं येतंय. तेव्हा मी चुलीपाशी भाकरी करत होते, तिथवर ऐकू यायचं. इतके दिस सांगायची लाज वाटत होती." आणि तिनं म्हटलं. गळा काही गाण्याचा नाही तिचा, भिंतीकडं तोंड करून हळू म्हटलं:

डिंगोऱ्याच्या इहिरीवरी मेंढक्यानं पानी मागितलं
माउलीनं कळशी दिली, न्हाई नाव तिनं पुसलं

मामांनी मान वर केली नाही. दहाही बोटं चालू झाली, या खेपेला नजर कीबोर्डवर होती. ओळी नेमक्या कुठं यायच्या ते त्यांना ठाऊक होतं, देवाला पिंपळवंडीला ताप येण्याच्या आधी. मग काळ्या खिडकीत विचारलं आणि दोन ओळी हिरव्या उमटल्या. शेरा लिहिला: 'सूनबाई यांनी जपून ठेवले होते.' आणि दफ्तरात दिलं. आत गेलं का बघा म्हणाले, म्हणून मी नोंद उघडली. आजची तारीख होती, आताची वेळ होती, आणि बदल कोणी केला त्याच्या पुढं, दफ्तराला दिलेलं नाव कुणी कधी बदललंच नव्हतं म्हणून, थोरल्यांचं नाव आलं होतं. मामांनी ते स्वतः वाचलं. बहिणीच्या हातातला कप घेतला. "चहा गार झाला पोरी," म्हणाले, आणि तसाच प्यायले.